वाचकांचे प्रश्न : अक्षरांची संस्था, सात सह्यांपासून ‘दऱ्या’पर्यंत

अमेरिकेत अक्षरप्रेमींची एक संस्था ‘टाइपकॉन’ भरवते असे ऐकले. ही फॉन्ट विकणाऱ्यांची संघटना आहे का?
– डीटीपी व्यावसायिक, फोंडा

नाही. ‘सोसायटी ऑफ टायपोग्राफिक अफिशिओनाडोज’ म्हणजे ‘सोटा’ ही ना-नफा संस्था आहे. पहिले टाइपकॉन, म्हणजे तिचा मेळावा, १९९८ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वेस्टबरो या गावी झाले. ‘अफिशिओनाडो’ म्हणजे नादिष्ट, शौकीन. फॉन्ट घडवणारा, तो विकत घेणारा, शिकवणारा आणि छपाईचे जुने शिशाचे खिळे जपणारा, सगळ्यांना इथे एकच पंगत.

याआधीची मोठी संस्था युरोपातली. ‘असोसिएशन टिपोग्राफिक इंटरनॅशनल’ १९५७ साली शार्ल पेन्यो या फ्रेंच टाइप-फाउंड्रीवाल्याने (छपाईची अक्षरे घडवणाऱ्या कारखानदाराने) उभी केली. तिची मूळ चिंता धंद्याची होती. फोटोटाइपसेटिंग, म्हणजे शिशाऐवजी फोटोच्या तंत्राने अक्षरजुळणी, आले आणि दुसऱ्याच्या अक्षराची नक्कल करणे फारच सोपे झाले. त्यातून १९७३ साली व्हिएन्नात टाइपफेसच्या, म्हणजे अक्षरवळणांच्या, संरक्षणाचा करार झाला. सह्या झाल्या, पण पुरेशा देशांनी मान्यता दिली नाही आणि तो कधीच अमलात आला नाही. हक्कांसाठी निघालेली संघटना आणि शौकासाठी निघालेली संस्था यांचा बाज वेगळा असतो. गोव्यात काही काढायचे तर दुसरा नमुना बरा, असे आम्हाला वाटते.

टाइपकॉन एका गावी बसून राहिले नाही. २००१ ला रॉचेस्टर, २००२ ला टोरांटो, २००३ ला मिनियापोलिस, पुढे न्यूयॉर्क, सिॲटल, लॉस एंजेलिस. गाव बदलले की स्थानिक कॉलेजे, छापखाने, नवे स्वयंसेवक आपोआप जोडले जातात. तोटाही आहे: गेल्या वर्षी काय चुकले हे सांगणारा माणूस मागच्या गावातच राहतो. म्हणून मेळावा फिरता आणि कार्यकारिणी कायम, अशी जोडी लागते.

सोटाचा टायपोग्राफी पुरस्कार २००३ मध्ये पहिल्यांदा जर्मन अक्षरकार हेरमान त्साफ यांना मिळाला. २०१४ चा फिओना रॉस यांना. लायनोटाइप या अक्षरजुळणीच्या कंपनीत त्यांनी बंगाली, देवनागरी अशा लिप्यांवर काम केले, तेव्हा हा पुरस्कार आपल्या घरापासून फार दूरचा नाही.

आपल्याकडे ‘टायपोग्राफी डे’ २००८ पासून होतो, पहिला आयआयटी गुवाहाटीत. पण तो शिक्षणसंस्थांच्या खांद्यावर चालतो. वर्गणी भरणाऱ्या सभासदांची संस्था ही वेगळी गोष्ट.

आम्ही नऊजण आहोत: दोन बोर्ड रंगवणारे, बाकी डिझायनर आणि शिक्षक. संस्था नोंदवायची तर काय लागते?
– कलाशिक्षिका, म्हापसा

१८६० च्या संस्था नोंदणी कायद्याला किमान सात माणसे लागतात. नऊ आहात, पुरे. मेमोरँडममध्ये (संस्थेच्या स्थापनापत्रात) संस्थेचे नाव, उद्देश आणि कार्यकारिणीची नावे, पत्ते, व्यवसाय लिहायचे. सोबत नियमावलीची प्रत, कार्यकारिणीतल्या किमान तिघांनी खरी म्हणून सही केलेली. पुढे दरवर्षी वार्षिक सर्वसाधारण सभेनंतर चौदा दिवसांत कार्यकारिणीची यादी नोंदणी कार्यालयात द्यायची. हौशी संस्था बहुधा इथेच अडखळतात. मेळावा दणक्यात होतो, यादी कोणी देत नाही, आणि तीन वर्षांनी बँक खात्यावरच्या सह्या बदलायच्या म्हटले की कागद सापडत नाहीत.

खरी काळजी ‘उद्देश’ लिहिताना घ्या. ‘देवनागरी सुलेखनाचा प्रसार’ एवढेच लिहिलेत आणि दोन वर्षांनी रोमी (रोमन लिपीतल्या) कोकणीच्या जुन्या छपाईवर प्रदर्शन करायचे ठरले, तर तो उद्देशाबाहेरचा खर्च ठरू शकतो. उद्देश बदलायचा तर प्रस्ताव दहा दिवस आधी प्रत्येक सभासदाकडे पोचवायचा, विशेष सभेत तीन-पंचमांश मते मिळवायची, आणि महिन्यानंतर दुसऱ्या सभेत तेवढ्याच बहुमताने तो पुन्हा मंजूर करून घ्यायचा. त्यापेक्षा पहिल्याच दिवशी ‘गोव्यात वापरल्या जाणाऱ्या सर्व लिप्या’ असे लिहून मोकळे व्हा.

नोंदणी झाली म्हणजे करसवलत मिळाली असे नाही. आयकर खात्याकडे वेगळी नोंदणी लागते, तिथे सीए गाठा. आणि परदेशातल्या एखाद्या गोंयकाराने प्रेमाने देणगी देऊ केली, तर त्याने परदेशी नागरिकत्व घेतले आहे का ते आधी विचारा. घेतले असेल तर परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना ती स्वीकारू नका, रक्कम कितीही छोटी असो.

पहिला मेळावा तीन दिवसांचा करावा का? डिसेंबर चालेल?
– वाचक, मडगाव

दोन्हीला नाही. डिसेंबरात खोलीचे भाडे ऐकूनच बाहेरगावचा वक्ता परत फिरेल. जुलै किंवा ऑगस्ट पाहा, चतुर्थी सोडून. तेव्हा राहायला स्वस्त पडते. मात्र दमटपणाचा हिशेब ठेवा: डबल टेपने चिकटवलेली पोस्टरे रात्रीत सुटतात, पातळ कागद गुंडाळी करतो. किमान २५० जीएसएमचा (जाड) कागद घ्या, दोरी बांधून क्लिपांनी टांगा, आणि प्रदर्शन आदल्या दिवशी न लावता सकाळी लावा.

एक दिवस पुरे. सकाळी दोन कार्यशाळा, प्रत्येकी पंधराजण. बोरू किंवा ब्रश हातात असला की एका शिक्षकाला त्याहून जास्त हात सांभाळता येत नाहीत. दुपारी सहा भाषणे, वीस मिनिटे बोलणे आणि पाच मिनिटे प्रश्न. एकाच सभागृहात, एकामागून एक. ऐंशी माणसांत दोन समांतर सत्रे ठेवली तर दोन्हीकडे खुर्च्या रिकाम्या दिसतात. ऐंशीजणांकडून चारशे रुपये घेतले तर ३२,००० होतात. सभागृह, जेवण, छपाई एवढ्यात बसवा आणि वक्त्यांच्या प्रवासासाठी प्रायोजक शोधा. प्रायोजक मिळाला नाही तर वक्ते गोव्यातलेच. आल्तिनोच्या कला महाविद्यालयापासून सुरुवात केलीत तरी यादी छोटी राहणार नाही.

वक्त्यांकडून सादरीकरण पीडीएफमध्ये मागवा, फॉन्ट फाइलमध्येच बसवून (एम्बेड करून). नाहीतर अक्षरांवरच्या भाषणात वक्त्याचा सुंदर फॉन्ट आयोजकांच्या लॅपटॉपवर नसतो आणि पडद्यावर विंडोजचा ‘मंगल’ फॉन्ट येऊन बसतो.

गोव्यात छपाई १५५६ ला आली, मग क्रिस्तपुराण रोमी अक्षरांत का छापले?
– विद्यार्थी, डिचोली

इथल्या लिपीचे खिळे नव्हते म्हणून. १६१६ मध्ये राशोलला छापलेल्या या ग्रंथाची भाषा मराठी, लिपी रोमी. तो लिहिणारे जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स यांनी १६०८ च्या पत्रात ही अडचण मांडली होती: इथल्या लिपीला सुमारे ६०० साचे लागतात, युरोपात २४ अक्षरांवर भागते. ही संख्या २०० पर्यंत खाली आणता येईल असेही त्यांनी कळवले होते, पण काम पुढे गेले नाही. अ. का. प्रियोळकरांनी भारतीय मुद्रणाच्या इतिहासात याचा तपशील दिला आहे.

मेळाव्याच्या पत्रकात वेलांटी सरकते, जोडाक्षर फुटते, ‘ल’ हिंदीसारखा येतो. फॉन्ट खराब आहे का?
– छपाई व्यावसायिक, पणजी

बहुधा फॉन्ट निर्दोष असतो. हे वेगवेगळे आजार आहेत. वेलांटी सरकून जोडाक्षर फुटत असेल तर पानमांडणीच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ लावलेला नाही. तो परिच्छेद पॅनेलच्या मेनूत असतो. फॉन्ट बदलताच सगळी इंग्रजी गिचमीड दिसली तर मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधला आहे. कन्व्हर्टरमधून काढा आणि मग ‘द्ध’, ‘ॲ’, ‘ऱ्य’ डोळ्यांनी तपासा, कारण चुका तिथेच राहतात. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे हवे असतील तर कॅरेक्टर पॅनेलमध्ये भाषा ‘मराठी’ निवडा. अनेक फॉन्टांत ही रूपे असतात, पण भाषा सांगितल्याशिवाय बाहेर येत नाहीत.

‘ऱ्य’साठी साधा र नको. ऱ, हलंत, य असे टाइप करा. साध्या र ने रफार येतो, आणि पत्रकावर सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ लिहायच्या असतात तिथे ‘दर्या’ उसळतो.