राउटरला भलताच आयपी मिळतोय? आधी आकडे वाचा

लगेच रीसेट मारू नका, सेटिंग्ज पुसल्या की मूळ कारण शोधणं अवघड होतं. राउटरच्या सेटिंग्जच्या पानावर 'वॅन'समोरचा (म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा) आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा आकडी पत्ता, बघा, बरंचसं तिथेच कळतं.

१६९.२५४ ने सुरुवात असेल तर राउटरला पत्ता देणारं कुणी भेटलंच नाही. केबल वॅन पोर्टातच आहे ना, ते तपासा. मग मोडेम (इंटरनेट कंपनीची लाइन जोडलेलं उपकरण) आणि राउटर दोन्ही बंद करा, आधी मोडेम लावा, तो स्थिरावला की राउटर. काही मोडेम जुन्या उपकरणाचा मॅक पत्ता (त्याचा ओळख क्रमांक) धरून बसतात, तेही यानं सुटतं.

१९२.१६८ दिसला तर मोडेम स्वतःच राउटरचं काम करतोय. नवख्यांचा घोळ बहुतेक इथेच होतो. त्यात तुमच्या घरातलं नेटवर्कही १९२.१६८.१ चंच असेल तर दोन्ही बाजू सारख्या होतात आणि नेट अडतं. घरातलं १९२.१६८.५० करा, किंवा मोडेम ब्रिज मोडमध्ये टाका, म्हणजे तो राउटरचं काम सोडून नुसती जोडणी पुढे देईल. मी ब्रिजच सुचवेन.

१००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता मात्र बिघाड नव्हे. इंटरनेट कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटते. घरचा कॅमेरा बाहेरून बघायचा असेल तरच कंपनीकडे स्वतंत्र पत्ता मागा.