घरच्या प्रिंटरवर कापडावर हवं ते डिझाइन छापता येतं का? कोणता प्रिंटर घ्यावा?

येतं. "टिकत नाही, नाद सोडा" असं ज्यांनी तुम्हाला सांगितलं, त्यांनी बहुतेक चुकीच्या शाईत छापलं असणार. मीही तेच केलं होतं.

नातीच्या बारशाला मला आईच्या पत्रांची गोधडी शिवायची होती. मी हॉस्टेलला असताना तिनं धाडलेली १७ आंतरदेशीय पत्रं माझ्याकडे आहेत. ती स्कॅन केली. पांढरं पॉपलीन खळ जाईपर्यंत धुतलं, इस्त्री केलं, ए-फोर स्टिकर शीटच्या चिकट बाजूवर बसवलं आणि इंकजेटमधून काढलं. निळ्या कागदावरचं आईचं निळं अक्षर जसंच्या तसं उमटलं. मग पारखावं म्हणून एक तुकडा बादलीत बुडवला, तर अक्षर डोळ्यांदेखत विरघळलं. राहिला तो पोस्टाचा काळा शिक्का. मी तिथेच रडले.

पण उत्तर त्या शिक्क्यातच होतं. माझ्या प्रिंटरची काळी शाई पिग्मेंटची, रंग मात्र डायचे. डाय पाण्यात विरघळतो, पिग्मेंटचे कण धाग्याला धरून राहतात. मग सगळी पत्रं काळ्या-पांढऱ्यात केली, पार्श्वभूमी पुसली आणि पुन्हा छापली. सेटिंगमध्ये कागद 'साधा'च ठेवा. फोटो पेपर निवडला तर असे बरेच प्रिंटर काळाही डायच्या रंगांतूनच बनवतात. छापल्यावर एक दिवस तसंच ठेवलं, मग वाफेशिवाय इस्त्री. नात आता चार वर्षांची आहे. गोधडी कितीदा थंड पाण्यातून निघाली, तरी "चि. बेबीस अनेक उत्तम आशीर्वाद" आजही वाचता येतं.

बारशाला आमच्या मोठ्या जाऊबाई चारचौघांत म्हणाल्या, "छापील आहे होय? मला वाटलं हातची." तेव्हा पाहुण्यांसमोर गप्प बसले, आता सांगते. राजस्थानातल्या बगरू गावचं ठशांनी छापलेलं कापड आपण हस्तकला म्हणूनच घेतो ना? छापल्यानं काम हलकं होत नाही. तुकडे मी कापले, आतले थर आईच्या जुन्या लुगड्यांचे, धावदोरा महिनाभर मी घातला. आणि अक्षर आईच्या हातचं आहे. ते मी भरतकामात काढलं असतं तर माझं झालं असतं, तिचं उरलं नसतं. तुम्हालाही कुणी असं म्हणेल, तेव्हा माझ्यासारखं गप्प बसू नका.

प्रिंटरचं म्हणाल तर चारही शाया पिग्मेंट असलेला इंकजेट घ्या, शक्यतो मागून कागद घेणारा. दुकानदार सब्लिमेशन, म्हणजे आधी कागदावर छापून मग उष्णतेनं कापडावर उतरवायचं तंत्र, गळ्यात मारतात. ते पॉलिएस्टरवर छान बसतं, सुती कापडावर धुतलं की जातं. लेझरमध्ये कापड घालूच नका, आत तापतं. पांढरी शाई घरच्या प्रिंटरात नसते, म्हणून कापड पांढरं किंवा अगदी फिकंच हवं. कडेचे सुटे धागे कापा, नाहीतर ते शाई सोडणाऱ्या हेडमध्ये अडकतात. आणि बाळासाठी करत असाल तर छापलेले तुकडे मधोमध लावा. कडा बाळ चोखतं, तिथे मी साधं मलमल लावलंय.