कार्डे घ्यावीत कुठून? संग्राहकांची प्रश्नोत्तरे

या वेळी आलेली बहुतेक पत्रे पोकेमॉनच्या कार्डांविषयी आहेत. जपानमध्ये १९९६ साली सुरू झालेला हा खेळ आपल्याकडच्या शाळांच्या मधल्या सुट्टीपर्यंत केव्हाच पोहोचला. खरा माल मात्र त्या वेगाने पोहोचला नाही आणि ती पोकळी नकली मालाने भरून काढली. त्यामुळे प्रश्न दुकानाचा असो वा संकेतस्थळाचा, उत्तर देताना मला पुनःपुन्हा एकाच गोष्टीकडे वळावे लागले आहे. ती गोष्ट म्हणजे विक्रेत्याकडे हा माल आला कोठून.

प्रश्न : माझा नऊ वर्षांचा मुलगा शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानातून पोकेमॉनची सोनेरी कार्डे आणतो. दुकानदार ती ‘ओरिजिनल’ असल्याचे सांगतो. ती खरी आहेत का? नसल्यास खरी कार्डे कोणत्या दुकानात मिळतील? (एक पालक, नाशिक)

उत्तर : ती खरी नाहीत. छोट्या डबीत पन्नास-पंचावन्नच्या गठ्ठ्याने येणारी चकचकीत सोनेरी प्लॅस्टिकची कार्डे कंपनी काढतच नाही. कंपनीने धातूची कार्डे जरूर काढली आहेत. उदाहरणार्थ, २०२१ च्या ‘सेलिब्रेशन्स’ मालिकेतील एका महागड्या संचात पिकाचू आणि चारिझार्ड यांची अशी दोन कार्डे होती. परंतु ती त्या मोठ्या खोक्याबरोबरच मिळत, पाच-दहा रुपयांना सुटी नव्हे. मुलाच्या हातून ती सोनेरी कार्डे काढून घेण्याचे मात्र काहीच कारण नाही, कारण खेळायला ती पुरेशी आहेत. ज्याच्याकडे खरी कार्डे आहेत अशा मित्राशी त्यांची अदलाबदल होऊ देऊ नये, एवढे पाहिले तरी दोन घरांतील भांडण टळेल.

खरे कार्ड ओळखण्यासाठी ते हातात घेऊन सावकाश पाहावे लागते. त्याचे माप ६३ बाय ८८ मिलिमीटर असते. खालच्या कडेला बारीक अक्षरांत चित्रकाराचे नाव, मालिकेचे चिन्ह, कार्डाचा क्रमांक आणि स्वामित्वहक्काची ओळ असते. इंग्रजी ‘पोकेमॉन’ या शब्दातील दुसऱ्या स्वरावर तिरकी रेघ असते, जी नकली कार्डांवर पुष्कळदा गायब झालेली दिसते. महागड्या, संपूर्ण चित्राच्या कार्डांवर बोट फिरवले तर बोटांच्या ठशांसारख्या बारीक उठावाच्या रेषा जाणवतात, तर नकली कार्ड तेथे काचेसारखे गुळगुळीत लागते. खऱ्या कार्डाच्या पुठ्ठ्यात मधोमध एक गडद थर असल्यामुळे मोबाइलच्या विजेरीचा उजेड त्यातून फारसा आरपार येत नाही. ही शेवटची परीक्षा एकट्या कार्डावर न करता, खात्रीचे एखादे साधे कार्ड शेजारी धरून करावी, कारण किती उजेड म्हणजे जास्त हे तुलनेशिवाय कळत नाही.

दुकानांविषयी सांगायचे तर हॅम्लेजसारखी खेळण्यांची आणि क्रॉसवर्डसारखी पुस्तकांची साखळी दुकाने हा मोठ्या शहरांतील सोपा पर्याय आहे. प्रत्येक शाखेत माल असतोच असे नाही, म्हणून नाशिकहून मुंबई किंवा पुण्याला जाण्यापूर्वी फोन करून विचारावे. याहून चांगला पर्याय म्हणजे कार्डे आणि बोर्ड गेम यांची खास दुकाने. ती शोधण्याची एक युक्ती आहे. पोकेमॉनच्या अधिकृत संकेतस्थळावर स्पर्धा कोठे भरतात हे शहरानुसार शोधता येते, आणि ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा कार्डांचा दुसरा खेळ काढणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीच्या संकेतस्थळावरही दुकाने शोधण्याची तशीच सोय आहे. जे दुकान अधिकृत स्पर्धा भरवते, त्याचा कंपनीशी किंवा वितरकाशी काही ना काही संबंध असतो आणि नकली माल विकून तो संबंध गमावणे त्याला परवडत नाही. शिवाय तेथे शनिवार-रविवारी खेळायला येणारी मुले नकली कार्ड दुरूनच ओळखतात. माझ्या मते ती मुलेच त्या दुकानाची सर्वांत कडक तपासनीस असतात.

प्रश्न : ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टवर ३६ पॅकचा (आत कोणती कार्डे निघतील हे आधी न कळणाऱ्या बंद पाकिटांचा) एकच बूस्टर बॉक्स कोठे दोन हजार रुपयांना, तर कोठे पंधरा हजारांच्या वर दिसतो. दोन्हीकडे चार तारे आहेत. विश्वास कोणावर ठेवावा? (एक अभियंता, पुणे)

उत्तर : ताऱ्यांवर तर मुळीच ठेवू नये. ही संकेतस्थळे स्वतः दुकान असतात त्यापेक्षा बाजारपेठ अधिक असतात. गाळा त्यांचा, माल दुसऱ्याचा. एकाच उत्पादनाच्या पानावर अनेक विक्रेते असू शकतात आणि खालचे अभिप्राय त्या सर्वांच्या मालाविषयी एकत्र जमा होतात. म्हणून किमतीजवळ लिहिलेले विक्रेत्याचे नाव उघडून पाहावे, तो आणखी काय विकतो हे पाहावे, आणि अभिप्रायांपैकी ग्राहकांनी छायाचित्रे जोडलेले, त्यातही एक-दोन ताऱ्यांचे अभिप्राय आधी वाचावेत. जो विक्रेता मोबाइलची कव्हरे, राख्या आणि बूस्टर बॉक्स एकाच वेळी विकतो, त्याला आपण काय विकत आहोत हे बहुधा ठाऊक नसते.

किमतीचा हिशोब सरळ आहे. एक इंग्रजी पॅक अमेरिकेत साधारण साडेचार ते पाच डॉलरना मिळतो, म्हणजे ३६ पॅकचा बॉक्स एकशे साठ ते एकशे ऐंशी डॉलरच्या घरात जातो. घाऊक दर यापेक्षा कमी असला तरी तोच बॉक्स समुद्र ओलांडून, सीमाशुल्क आणि कर भरून दोन हजार रुपयांत विकणे कोणाही प्रामाणिक माणसाला शक्य नाही. चढी किंमत ही खरेपणाची हमी नव्हे, पण अशक्य वाटावी इतकी उतरलेली किंमत नकलीपणाची जवळजवळ खात्रीच देते.

सुटे पॅक घेताना आणखी सावध राहावे. पॅकच्या वरच्या आणि खालच्या टोकांना दाबून बंद केलेली दातेरी पट्टी असते. ती सरळ आणि एकसारखी हवी, आणि मागच्या उभ्या शिवणीवर गोंदाचा डाग नको. जुन्या मालिकांतील चमकदार कार्डाचा पॅक किंचित जड असे, त्यामुळे बारीक तराजूवर तोलून जड पॅक ठेवून घ्यायचे आणि हलके विकायचे हा धंदा वर्षानुवर्षे चालला. २०२४ मध्ये तर अमेरिकेतील एका कंपनीने न फोडलेल्या पॅकचे सीटी स्कॅन करून आतील कार्डे सांगण्याची सेवाच देऊ केली. म्हणून कोणाच्या घरून आलेले जुने सुटे पॅक घेण्याच्या फंदात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सीलबंद खोकासुद्धा फसवू शकतो. लोगन पॉल या प्रसिद्ध यूट्यूबरने पहिल्या आवृत्तीच्या पोकेमॉन बॉक्सची म्हणून एक पेटी ३५ लाख डॉलरना घेतली होती, आणि तिची आधी जाणकारांकडून तपासणीही झाली होती. २०२२ च्या जानेवारीत ती उघडली तेव्हा आत निघाली जी. आय. जो या खेळण्यांच्या मालिकेची कार्डे.

पार्सल उघडताना पत्त्याच्या चिठ्ठीपासून आतील शेवटच्या वस्तूपर्यंत मध्ये कोठेही न तोडता व्हिडिओ काढावा. परत पाठवण्याचा वाद झाला तर तोच उपयोगी पडतो.

प्रश्न : इन्स्टाग्रामवरील एक विक्रेता मला हवे असलेले कार्ड सहा हजारांना देतो, पण संपूर्ण रक्कम आधी यूपीआयने मागतो. द्यावी का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : आपण पॅक फोडत बसण्याऐवजी हवे ते कार्ड सुटे घेत आहात, हा निर्णय योग्य आहे, एका ठरावीक कार्डासाठी पॅकवर पॅक फोडणाऱ्याचा खर्च त्या कार्डाच्या किमतीच्या कितीतरी पुढे जातो. भारतात सुट्या कार्डांची मोठी ऑनलाइन बाजारपेठ अजून उभी राहिलेली नसल्याने इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप आणि डिस्कॉर्डवरील गट हीच खरी मंडई आहे. तेथे प्रामाणिक माणसे पुष्कळ आहेत, मात्र तुमच्या आणि त्यांच्यामध्ये संकेतस्थळासारखा कोणी मध्यस्थ नसतो.

आधी किंमत पारखावी. ईबेवर त्या कार्डाचे प्रत्यक्ष विकले गेलेले व्यवहार वेगळे गाळून पाहता येतात. मागितलेली किंमत कोणीही काहीही लिहितो, झालेला सौदाच खरा भाव सांगतो. अमेरिकेतील टीसीजीप्लेअर आणि युरोपातील कार्डमार्केट यांवरील भावही ताडून पाहावेत. त्यानंतर विक्रेत्याकडे कार्डाशेजारी आजची तारीख आणि तुमचे नाव हाताने लिहिलेली चिठ्ठी ठेवून काढलेले छायाचित्र मागावे. दुसऱ्याचे छायाचित्र उचलून विकणाऱ्याला ते देता येत नाही. उजेडात कार्ड तिरपे करून काढलेला छोटा व्हिडिओ मागावा, कारण ओरखडे समोरून दिसत नाहीत. ‘निअर मिंट’, म्हणजे जवळजवळ नवे, म्हटलेल्या कार्डाच्या मागच्या निळ्या कडांवर पांढरे ठिपके दिसले, तर भाव कमी करून मागण्यात संकोच नको. विक्रेत्याने अलीकडे ज्यांना माल दिला अशा दोघा-तिघांशी तुम्ही स्वतः संपर्क साधावा.

एवढे होऊनही शंका राहिली तर व्यवहार प्रत्यक्ष भेटून करावा. मुंबई-पुण्यात कॉमिक कॉन भरते तेव्हा असे पुष्कळ सौदे समोरासमोर होतात. यूपीआयने गेलेले पैसे परत फिरवण्याची सोय आपल्या हातात नसते. ‘परतावा घेण्यासाठी पिन टाका’ असे कोणी म्हटले तर तेथेच थांबावे, कारण पैसे मिळवण्यासाठी पिन लागत नाही. फसवणूक झालीच तर त्याच तासात १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी; उशीर झाल्यास रक्कम पुढच्या खात्यात गेलेली असते. कार्ड स्लीव्हमध्ये (पातळ प्लॅस्टिकच्या पाकिटात), मग टॉपलोडरमध्ये (कडक प्लॅस्टिकच्या कवचात), आणि पावसाळा असल्यास झिपच्या पिशवीत घालून पाठवण्याची अटही आधीच घालावी. दमट हवेत चमकदार कार्ड धनुष्यासारखे वाकते.

प्रश्न : ईबेवरून पीएसए या कार्डे तपासणाऱ्या कंपनीने दहापैकी दहा गुण दिलेले कार्ड मागवायचे आहे. ईबेने भारतातून गाशा गुंडाळला होता ना? आणि सीमाशुल्काचे काय? (एक बँक कर्मचारी, ठाणे)

उत्तर : ईबेचे भारतीय संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झाले, परंतु मूळ अमेरिकी संकेतस्थळावर जो विक्रेता भारतात पाठवण्यास तयार असेल त्याच्याकडून आजही खरेदी करता येते. सीमाशुल्क आणि आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी) गृहीत धरूनच किंमत ठरवावी. त्यावर कुरिअर कंपनीचा हाताळणी आकार आणि तुमच्या क्रेडिट कार्डाचा परकीय चलनाचा अधिभार निराळा. ‘गिफ्ट’ असे लिहून पाठवा, हा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईलच. भेटवस्तूंना मिळणारी शुल्कमाफी डिसेंबर २०१९ पासून जवळजवळ संपुष्टात आली आहे, आणि खोटी कमी किंमत लिहिलेले पार्सल हरवले तर भरपाईही तेवढीच मिळते.

पीएसए ही कंपनी १९९१ पासून कार्डांची तपासणी करते आणि त्यांना एक ते दहा गुण देऊन बंद प्लॅस्टिकच्या कवचात ठेवते. कवचावरील क्रमांक तिच्या संकेतस्थळावर तपासता येतो. मात्र नकली कवच बनवणारे एखाद्या खऱ्या कार्डाचाच क्रमांक छापतात, त्यामुळे क्रमांक जुळला म्हणजे काम झाले असे समजू नये. संकेतस्थळावर त्या कार्डाचे छायाचित्र उपलब्ध असेल तर छपाई मध्यभागी किती आहे, चारही कडा किती रुंद आहेत, हे आपल्या कार्डाशी ताडून पाहावे.

प्रश्न : आमच्या गावात टार्गेट या मोठ्या साखळी दुकानातील मांडणी नेहमी रिकामी आणि कार्डांच्या खास दुकानात दुप्पट भाव. काय करावे? (एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : मोठ्या दुकानांतील टंचाई नवी नाही, २०२१ च्या मे महिन्यात विस्कॉन्सिनमधील एका टार्गेटबाहेर कार्डांवरून हाणामारी झाल्यावर त्या कंपनीने दुकानांतील कार्डविक्री काही काळ थांबवलीच होती. खास दुकानदाराशी ओळख वाढवून नवी मालिका येण्यापूर्वी नाव नोंदवणे, हा खात्रीचा मार्ग आहे. नियमित येणाऱ्या ग्राहकाला पुष्कळ दुकानदार छापील किमतीत देतात. खेळाडूंची कार्डे घेत असाल तर एक फरक लक्षात ठेवा : खास दुकानांसाठीच्या ‘हॉबी’ बॉक्समध्ये स्वाक्षरीच्या किंवा तत्सम दुर्मीळ कार्डांची हमी बहुधा असते, टार्गेटमधील स्वस्त बॉक्समध्ये ती सहसा नसते. म्हणून खास दुकानातील दुप्पट भाव प्रत्येक वेळी लूट नसतो.

प्रश्न : अमेरिकी बेसबॉलपटू मिकी मँटलचे कार्ड सव्वा कोटी डॉलरना गेल्याचे वाचले. माझ्याकडे ‘बिग फन’ बबलगममधील क्रिकेटपटूंची चित्रे आणि डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डे आहेत. ती कोण घेईल? (एक निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : मँटलचे ते टॉप्स कंपनीचे १९५२ चे कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले, हे खरे आहे. त्यामागे उत्तम स्थितीतील मोजक्या प्रती आणि त्यांच्यासाठी झुंजणारे धनिक संग्राहक होते. आपल्याकडे या चित्रांना असा बाजार नाही. नाणी-तिकिटांच्या प्रदर्शनांत आणि मुंबईच्या चोर बाजारात जुन्या छापील वस्तूंचे व्यापारी भेटतात; त्यांना पूर्ण संच दाखवावा, सुटी चित्रे नव्हेत. मिळणारी रक्कम बहुधा एसटीच्या भाड्याएवढीच असेल. मी आपल्या जागी असतो तर विकली नसती.

प्रश्न : माझी बहीण टोकियोला जात आहे. तिला काय आणायला सांगू? (एक वाचक, पणजी)

उत्तर : सुटी कार्डे. अकिहाबारा भागात मजल्यावर मजले भरून सुट्या कार्डांची दुकाने आहेत आणि कार्डाच्या स्थितीप्रमाणे भाव काचेच्या कपाटातच लावलेले असतात. नव्या मालिकेचे बॉक्स अधिकृत पोकेमॉन सेंटरमध्येही पुष्कळदा सोडतीनेच मिळतात, त्यामुळे प्रवाशाने त्यांच्या मागे वेळ दवडू नये. एखाद्या दुकानात बॉक्सवरचे प्लॅस्टिकचे वेष्टण काढलेले दिसले तर घाबरू नये. पुनर्विक्री करणाऱ्यांना आळा घालण्यासाठी काही दुकानदार ते मुद्दाम काढतात. ‘ओरिपा’ नावाचे, दुकानाने स्वतःच भरलेले पॅक मात्र टाळावेत. जपानी कार्डे आपल्याकडच्या अधिकृत इंग्रजी स्पर्धांत चालत नाहीत, तेव्हा ती संग्रहासाठीच घ्यावीत. बहिणीला कार्डाचे नाव पाठवू नका, कारण तेथे ते जपानी लिपीत असेल; कार्डाचे छायाचित्र आणि खालच्या कोपऱ्यातील मालिकेचे चिन्ह व क्रमांक पाठवा. दुकानदाराला फोनवर तेवढे दाखवले की पुरते.