लहान मुलांना घेऊन नाताळच्या सुट्टीत कोल्हापूर, निवांत चार दिवस कसे घालवायचे?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून नाताळच्या सुट्टीत चार दिवस कोल्हापूरला यायचंय, मुलगी सहा वर्षांची, मुलगा तीनचा, बरोबर सासूबाई, धावपळ अजिबात नको, तर राहायचं कुठं, बघायचं काय आणि जमलं तर गणपतीपुळे जोडावं का. मी कोल्हापूरचीच, मंगळवार पेठेतली. डिसेंबर लागला की आमच्याकडं पोराबाळांसकट पाहुणे येतातच, त्यामुळं लहान मुलं इथं कुठं रमतात आणि कुठं रडतात हे चांगलं बघितलंय, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

पहिलं म्हणजे ते दोन दिवसांचं कोल्हापूर दर्शन सगळीकडं फिरतंय ना, सकाळी अंबाबाई मग जोतिबा मग पन्हाळा, दुसऱ्या दिवशी कणेरी मठ, नरसोबाची वाडी, खिद्रापूर, ते बाजूला ठेवा. मोठ्या माणसांना ते झेपतं, तीन वर्षांच्या पोराला नाही, आणि पोरगं कंटाळलं की घरातली सगळीच कंटाळतात. तुम्ही एवढंच धरा, दुपारच्या जेवणाआधी एक ठिकाण, मग जेवण, मग रूमवर झोप, आणि संध्याकाळ मोकळी. कोल्हापूर लहान शहर आहे, इथनं तिथं जायला रिक्षाने दहा-पंधरा मिनिटं लागतात, त्यामुळं दुपारी रूमवर परत येणं अवघड नाही, मुंबई-पुण्यात हे जमत नाही, इथं जमतं, तर त्याचा फायदा घ्या.

राहायला ताराबाई पार्क किंवा नागाळा पार्क बघा. शांत भाग आहे, झाडं आहेत, रात्री आवाज नसतो. अंबाबाईच्या देवळाजवळ राहिलं की दर्शन सोपं होतं हे खरं, पण नाताळच्या आठवड्यात महाद्वार रोड, भवानी मंडप, बिंदू चौक हा सगळा भाग इतका भरतो की गाडी आत नेता येत नाही आणि मुलाला कडेवर घेऊन गर्दीतनं चालावं लागतं. बुकिंग मात्र आत्ताच करा, 25 डिसेंबर ते 1 जानेवारी रूम मिळायची मारामार असते.

यायचं कसं, तर रेल्वे जमत असेल तर रेल्वेने या. वंदे भारत आठवड्यातनं तीन दिवस आहे, पुण्याहून दुपारी निघते आणि संध्याकाळी इथं पोचवते, मुलांना चालाफिरायला मिळतं आणि टॉयलेटची काळजी नाही. गाडीने येणार असाल तर पहाटे निघा, हायवेचं रुंदीकरणाचं काम किती वर्षं चाललंय, जागोजागी डायव्हर्जन लागतात. आणि अजून एक, हे बाहेरच्या माणसाला कुणी सांगत नाही म्हणून मी मुद्दाम सांगते, आमच्याकडं हिवाळा म्हणजे उसाचा सीझन, कारखाने चालू असतात आणि रस्त्यावर ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या लावून ऊस चाललेला असतो. बऱ्याच ट्रॉल्यांना मागं लाईट नसतो, रिफ्लेक्टर नसतो, अंधारात अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत. त्यामुळं गावाबाहेर कुठंही गेलात तरी दिवस मावळायच्या आत शहरात परत या, ह्यात अजिबात ढिलाई करू नका.

आता देवीचं दर्शन. मंगळवार, शुक्रवार आणि सुट्टीचे दिवस सोडून जो वार मिळेल तो घ्या आणि सकाळी लवकर जावा. लांब रांग दिसली तर मुलांना घेऊन त्यात उभं राहू नका, मुखदर्शन घ्या, लांबनं का होईना देवी दिसते. सासूबाईंना गाभाऱ्याजवळनं दर्शन हवं असेल तर तुमच्यापैकी एकजण त्यांच्याबरोबर रांगेत आणि दुसरा मुलांना घेऊन देवळाच्या आवारात, असं वाटून घ्या. बाहेरच्या भिंतींवर दगडातल्या मूर्ती कोरलेल्या आहेत, वाद्यं वाजवणाऱ्या, नाचणाऱ्या, मुलीला म्हणावं कुणाच्या हातात काय आहे ते शोध, ती आवडीनं बघत बसेल. तिथनं चालत बिनखांबी गणेश मंदिर अगदी जवळ आहे, आत एकही खांब नाही, तेही मुलांना शोधायला सांगा. मग भवानी मंडप, आणि बास, त्या दिवशी दुसरं काही नको.

खासबाग मैदान तिथनं जवळच आहे. शाहू महाराजांनी 1912 साली बांधलेलं कुस्तीचं मैदान, महाराज युरोपात गेले होते तेव्हा रोमचं जुनं मैदान बघून त्यांना ही कल्पना सुचली असं सांगतात. मधे लाल मातीचा आखाडा आणि भोवती चढत गेलेली बसायची जागा, कुठंही बसा, आखाडा पूर्ण दिसतो. पहाटे उठणारी मुलं असतील तर एखाद्या तालमीत विचारून बघा, मोतीबाग, गंगावेस अशा जुन्या तालमी आहेत, पोरं मातीत जोर-बैठका मारत असतात. पुण्याच्या मुलांना हे बघायला मिळत नाही. आधी वस्तादांची परवानगी घ्यायची, चपला बाहेर काढायच्या आणि गप्प बसून बघायचं.

न्यू पॅलेस एक सकाळ. 1884 साली पूर्ण झालेला राजवाडा, काळ्या दगडाचा, मधे घड्याळाचा मनोरा, खालच्या मजल्यावर म्युझियम. शस्त्रं, अंबाऱ्या, दरबार हॉलमधल्या रंगीत काचा, त्यावर शिवाजी महाराजांच्या आयुष्यातले प्रसंग आहेत. शिकारीचे पेंढा भरलेले वाघ, गवे बऱ्याच खोल्यांत आहेत, काही मुलं ते बघून घाबरतात, तर तीन वर्षांच्या मुलाला आधीच सांगून ठेवा की हे हलत नाहीत. आत फोटो काढू देत नाहीत, मोबाईल खिशात ठेवा. बाहेर आवारात तळं आहे, हरणं आहेत, आत अर्धा तास आणि बाहेर एक तास असं होणार हे गृहीतच धरा. टाऊन हॉल म्युझियम हे लहान आहे, सीपीआर हॉस्पिटलसमोर, पण मला ते फार आवडतं. ब्रह्मपुरीच्या टेकाडावर 1945-46 साली उत्खनन झालं, तिथं सापडलेली समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची छोटी मूर्ती, म्हणजे थेट रोमन व्यापाराची खूण, इथं पंचगंगेकाठी. मुलांना त्यातलं काही कळणार नाही पण बागेत जुनी मोठी झाडं आहेत, तोफा आहेत, त्यांचं तिथं भागतं आणि तुम्हाला आत बघता येतं. म्युझियमचा बेत सोमवारी ठेवू नका.

गावाबाहेरची दोनच ठिकाणं करा, पन्हाळा आणि कणेरी मठ, आणि ती वेगवेगळ्या दिवशी. जोतिबा पन्हाळ्याच्या वाटेवरच आहे, लोक म्हणतील जाता जाता करा, पण रविवारी तिथं पाय ठेवायला जागा नसते आणि गुलालानं मुलांच्या डोळ्याला त्रास होतो, सासूबाईंची इच्छाच असेल तर मधला वार बघून सकाळी तेवढंच करून या.

पन्हाळा वीसेक किलोमीटर, गाडी थेट गडावर जाते, म्हणून लहान मुलांसाठी हा गड सगळ्यात सोयीचा. सज्जा कोठी, अंबारखाना, तीन दरवाजा आणि त्याच्याजवळची अंधार बाव, एवढं पुरे. अंबारखान्यात गेलं की मुलांना आवाज देऊन बघू दे, केवढी उंच कोठारं, गंगा, यमुना, सरस्वती अशी त्यांची नावं. पुसाटी बुरूज वगैरे सोडून द्या. 2025 साली युनेस्कोने जे 12 किल्ले जागतिक वारशात घेतले त्यात पन्हाळा आहे, त्यामुळं गर्दी वाढली आहे, सकाळी आठच्या आसपास गडावर असलात तर बरं. मुलीला आदल्या रात्री झोपताना सिद्दी जौहरच्या वेढ्याची गोष्ट सांगा, 1660 सालची, भर पावसातली रात्र, पालखीत बसलेला शिवा काशीद, बाजीप्रभू. मग गडावर शिवा काशीद आणि बाजीप्रभूंचे पुतळे दिसले की ती तुम्हाला सांगायला लागते, हे मी आमच्या घरच्या मुलांत बघितलंय, आणि फलक वाचून दाखवण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. तटाला सगळीकडं कठडे नाहीत, धाकट्याचा हात सोडू नका. वारा असतो, कानटोपी घ्या. झुणका-भाकर, दही, ठेचा मिळतो, मुलांना भाकरी-दही.

पन्हाळ्याहून येताना एखादं गुऱ्हाळ चालू दिसलं तर थांबाच. ह्या सगळ्या ट्रिपमधलं मुलांच्या सगळ्यात जास्त लक्षात राहतं ते हेच, असं माझं ठाम मत आहे. उसाचा रस मोठ्या काहिलीत, म्हणजे पसरट कढईत, रटरटत असतो, खाली चुलवाणात चिपाडं जळत असतात, रस साफ करायला त्यात भेंडीचं पाणी घालतात, मळी वर येते ती काढून टाकतात, आणि गुळव्या, म्हणजे गूळ करणारा, नुसत्या नजरेनं ओळखतो की काहील आता उतरायची. मग सगळे मिळून ती काहील वाफ्यात ओततात आणि गरम गूळ घोटतात. विचारलं तर ताजा रस देतात, गरम गूळ देतात, काकवी बाटलीत भरून मिळते. ही माणसं पहाटेपासून राबत असतात, त्यांच्या कामात आड येऊ नका, गूळ विकत घ्या, आणि मुलांना काहिलीपासून लांब, कडेवरच ठेवा, उकळता रस अंगावर पडला तर फार वाईट भाजतं. गुऱ्हाळं आता पहिल्यासारखी राहिली नाहीत, बरीच बंद पडली, म्हणून जी आहेत ती मुलांनी बघावीत असं मनापासून वाटतं.

कणेरी मठ, म्हणजे सिद्धगिरीचं ग्रामजीवन म्युझियम, शहरापासून दहा-बारा किलोमीटर, हायवेला लागून आत. जुन्या खेड्यातलं जगणं माणसाच्या उंचीच्या पुतळ्यांत उभं केलंय, कुंभार, लोहार, सुतार, न्हावी, विहिरीवरची मोट, शेतातली न्याहारी, सगळं इतकं हुबेहूब की मुलं हात लावून बघतात. सासूबाईंना इथं सोडा मुलीबरोबर, जातं, उखळ, मोट हे सगळं त्यांनी कदाचित वापरलेलं असेल, आजी सांगते आणि नात ऐकते हे होऊ दे. पण चालायचं भरपूर आहे, बराच भाग उन्हात, आणि डिसेंबरात शाळांच्या सहली येतात, बसच्या बस. उघडायच्या वेळेला आत जावा, टोपी आणि पाणी घ्या. बाबागाडी आणू नका, तिचा उपयोग होत नाही, मुलाला बसवून पाठीला बांधायची पिशवी असेल तर उत्तम.

नरसोबाची वाडी नाही केली तरी चालेल. जायचंच असेल तर कॅलेंडर बघा, मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्त जयंती असते, त्याच्या आसपास जाऊ नका.

खाण्याचं बोलू. कोल्हापूर म्हणजे तिखट म्हणून लोक मुलांसाठी घाबरतात, तसं काही नाही. मटणाच्या खानावळीत थाळी घेतली की मुलांसाठी अळणी मागा, मसाला घालायच्या आधीचं मटणाचं पाणी, आमच्याकडची मुलं ह्यावरच वाढतात, त्यात भात कुस्करून द्या. पांढरा रस्सा तांबड्यापेक्षा सौम्य आहे पण अगदीच बिनतिखट नाही, आधी चमचाभर देऊन बघा. मिसळ तुम्ही खावा, इथं ब्रेडबरोबर खायची पद्धत आहे, मुलांना कट, म्हणजे तिखट रस्सा, न घालता मटकी, फरसाण आणि दही असं वेगळं द्यायला सांगा, देतात. शाकाहारी असाल तर थालीपीठ, भाकरी, वाडीची बासुंदी. खासबागेजवळ राजाभाऊची भेळ मिळते, मुलांची कमी तिखट करून घ्या. गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात आणि समोर धार काढून ग्लास देतात, मोठ्यांनी प्यायचं का ते तुमचं तुम्ही ठरवा, मुलांना मात्र कच्चं दूध देऊ नका, बघू दे नुसतं, म्हैस इतक्या जवळनं बघणं हेच त्यांना पुष्कळ आहे.

आणि संध्याकाळ रंकाळा तलावावर, रोज. रोज म्हणते ते खरंच रोज. तिथं करायचं असं काही नाही, पाणी बघायचं, चालायचं, कणीस खायचं, मुलं पळत सुटतात, शालिनी पॅलेसच्या बाजूला सूर्य जातो. पद्माराजे उद्यानात खेळायला जागा आहे. तुम्ही निवांत म्हणताय ते हेच. दिवसा ऊन चांगलं लागतं पण सूर्य गेला की रंकाळ्यावरचा वारा एकदम गार होतो, स्वेटर बरोबर असू दे.

गणपतीपुळे ह्या वेळी जोडू नका. आंबा घाटातनं साडेतीन-चार तास लागतात, वळणावर मुलांना उलट्या होतात, आणि नाताळात तिथंही रूम नसतात. चार दिवसांतले दोन प्रवासात जातील. मुलांना इथं कंटाळा आलाच तर एक सकाळ पंचगंगा घाटावर घालवा, पायऱ्यांवर बसा, नदी बघा. येताना तारखा ठरल्या की इथंच लिहा, कुठल्या वारी काय ठेवायचं ते मी सांगते.