बाग विकायच्या आधी: परदेशी उच्चशिक्षणाची प्रश्नोत्तरे

दिवाळीचा फराळ संपत येतो तशी माझ्याकडे पत्रांची रीघ लागते. अमेरिकेतल्या बऱ्याच विभागांची मुदत डिसेंबर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत संपते, आणि आपल्याकडे जाग नोव्हेंबरात येते. यंदाची काही पत्रं आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : मी सांगलीत मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. तासगावजवळ आमची तीन एकर द्राक्षबाग आहे. अमेरिकेत एमएस करायचं म्हटल्यावर वडील एक एकर विकायला निघालेत. ‘तिकडं गेल्यावर स्कॉलरशिप मिळतेच’ असं सगळे सांगतात. खरं आहे का?

आधी वडिलांना थांबव. एमएसला सहसा स्वतःच्याच पैशांनी जावं लागतं. विभागाकडं जे शिकवण्याचं किंवा संशोधनाचं साहाय्यकपद असतं, ते पहिल्यांदा पीएचडीवाल्यांना जातं. उरलंसुरलं एमएसवाल्यांच्या वाट्याला येतं, आणि ते येईल असं धरून कोणी बाग विकू नये.

पीएचडीचं गणित वेगळं. इंजिनिअरिंग आणि विज्ञानात प्रवेश मिळाला की बहुतेक ठिकाणी फी माफ होते आणि वर दरमहा विद्यावेतन मिळतं. बदल्यात साधारण आठवड्याला २० तास काम. शिवाय अमेरिकेत बीईनंतर थेट पीएचडीला अर्ज करता येतो, हे आपल्याकडच्या निम्म्या मुलांना ठाऊकच नसतं. मात्र विद्यावेतनासाठी पीएचडी धरू नकोस. पाच-सहा वर्षं जातात.

जमेल की नाही हे ओळखायचं कसं? शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट कुठून आला ते स्वतःला विचार. दुकानातून तयार आणला असेल तर विषय संपला. (दुकानं कुठं आहेत हे मलाही माहीत आहे.) मागं एक मुलगी एसओपी, म्हणजे ‘मला हेच का शिकायचंय’ हे सांगणारा अर्जासोबतचा निबंध, घेऊन आली होती. पहिली दोन पानं ‘लहानपणापासून मला यंत्रांचं आकर्षण’ याच चालीची. तिसऱ्या पानाच्या तळाशी एक ओळ सापडली: घरच्या बेदाणा शेडमध्ये वरच्या आणि खालच्या जाळीवरचं तापमान तिनं नऊ दिवस दर दोन तासांनी टिपलं होतं. मी वही मागितली. पानांना बेदाण्याचा चिकटा लागलेला, एका रात्रीचे आकडे गायब आणि समोर लिहिलेलं, ‘लाईट नव्हती, टॉर्च बंद पडली.’ मी म्हटलं, अगं, तुझी एसओपी इथून सुरू होते. शेडमध्ये हवा कशी फिरते यावर तिनं दोन परिच्छेद लिहिले, गायब रात्रीसकट. उष्णतावहनावर काम करणाऱ्या प्राध्यापकाला त्यातच रस असतो. आकर्षण सगळ्यांनाच असतं.

जर्मनीचाही विचार कर. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. अपवाद आहेत: बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. आणि फी नाही म्हणजे फुकट नाही. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी भरावे लागतात. पैसे तुझेच असतात, महिन्याला ९९२ युरो असे परत मिळतात, पण उभे तर करावेच लागतात. आपल्या पदवीची खातरजमा करणाऱ्या एपीएस प्रमाणपत्राला वेळ लागतो, ते आधी सुरू कर.

प्रश्न : शिफारसपत्रासाठी तीन सरांकडे गेलो. तिघेही म्हणाले, ‘तूच लिहून आण, सही करतो.’ काय करू? (कराड)

लिहून नेऊ नकोस. तिन्ही पत्रं एकाच हातची असली की वाचणाऱ्याला ती शेजारी ठेवताच कळतं. तेच ‘हार्डवर्किंग’, तेच ‘सिन्सिअर’, स्वल्पविरामाच्या चुकासुद्धा त्याच.

सरांचीही अडचण समजून घे. वर्गात साठ-सत्तर मुलं, त्यात तुझं वेगळं काय ते त्यांना आठवत नाही. म्हणून पत्र नको, एक पानाचं टिपण दे: कुठला विषय त्यांच्याकडं होता, तोंडीला त्यांनी काय विचारलं, प्रयोग कुठं फसला, तू तो परत कसा लावलास. लिहिणं त्यांच्यावर सोड. इंग्रजीचा संकोच असेल तर साधं लिहा म्हणावं. माझ्या वेळी एका सरांनी लिहिलं होतं, ‘विद्यार्थी नियमित असून वर्तणूक चांगली आहे.’ मी ते तसंच पाठवलं. तो चारित्र्याचा दाखला होता, हे नकार आल्यावर उमगलं.

विद्यापीठ पत्रासाठी सरांच्या ईमेलवर लिंक पाठवतं. कॉलेजचा ईमेल द्यायला सांग. सरांच्या नावानं स्वतःच जीमेल उघडून पत्र चढवणारे आहेत. ती बनवाबनवी आहे आणि प्रवेशानंतर उघडकीस आली तरी प्रवेश जातो. अर्जात ‘पत्र पाहण्याचा हक्क सोडता का’ असं विचारतात, तिथं हो म्हण.

प्रश्न : वाई तालुक्यात गावठाणात घर आहे, बाकी सगळी शेती. मुलीच्या कर्जाला बँक शेतजमीन तारण घेत नाही.

नाहीच घेत सहसा. साडेसात लाखांपर्यंत बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत तारण लागत नाही, त्यापुढं लागतं. गावठाणातल्या घराला पूर्वी फक्त ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा असायचा आणि बँका त्यावर नाक मुरडायच्या. तुमच्या गावात स्वामित्व योजनेची ड्रोन मोजणी झाली असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून मिळकत पत्रिका (घराचं प्रॉपर्टी कार्ड) काढा आणि ती घेऊन पुन्हा जा. शिक्षण चालू असतानाही व्याज चढतच असतं. जमेल तेवढं महिन्याच्या महिन्याला भरत राहा.

प्रश्न : ‘शंभर टक्के स्कॉलरशिपची हमी’ म्हणून एजंट ७५ हजार मागतोय.

देऊ नका.

प्रश्न : मी अनुसूचित जातीतला आहे, साताऱ्यात राहतो. घरात पदवीधर मीच पहिला. सरकारी मदत कुठली?

दोन योजना पाहा. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, त्यात ७५ जागा, आणि विद्यापीठ क्यूएस या जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये हवं. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप, तिथं मर्यादा पहिल्या ५०० ची. दोन्हीकडं फी, राहण्याचा खर्च आणि विमानभाडं मिळतं. उत्पन्नाची अट यंदाच्या जाहिरातीतच वाच, जुन्या पत्रकावर विसंबू नकोस. जातवैधता आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेव. मुलं अडकतात ती तिथं, गुणांवर नाही.

तुझ्या गावातलं प्रतापसिंह हायस्कूल पाहिलंच असशील. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव रामजी आंबेडकर यांचं नाव तिथल्या पटावर चढलं. १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, दरमहा साडेअकरा पौंड. बडोद्याशी करारही करावा लागला होता. आजच्या योजनांतही बंधपत्र असतं, सही करण्याआधी प्रत्येक कलम वाच.

प्रश्न : पीएचडीची ऑफर आली, विद्यावेतनासह. पण विद्यापीठ फेब्रुवारीतच होकार मागतंय. दुसरीकडचं उत्तर यायचं आहे. (सांगली)

अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांनी एका ठरावावर सह्या केल्यात: आर्थिक मदतीच्या ऑफरला १५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यायचं बंधन विद्यार्थ्यावर नाही. तुझं विद्यापीठ यादीत आहे का ते पाहा आणि नम्रपणे तारखेचा उल्लेख करून वेळ माग. दुसरीकडंही आजच कळव की हातात एक ऑफर आहे, आणि त्यांचा निर्णय कधी होईल ते विचार. आणि दोन्हीकडं एकदम होकार कळवू नकोस.