बेस गिटार वरच्या फ्रेटवर बेसूर वाजते. सेट-अप करून घेऊ की नवी घेऊ?

तुमच्या प्रश्नातलं महत्त्वाचं आधी मांडतो, म्हणजे पुढे बोलणं सोपं जाईल. सेकंडहँड बेस आहे, चार तारांची, ३४ इंच स्केलची, म्हणजे वाजणाऱ्या तारेची लांबी ३४ इंच. तारा विकणाऱ्याने दिल्या त्याच अजून आहेत. मोकळ्या तारा ट्यूनरवर बरोबर लागतात, पण बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या बाराव्या आडव्या पट्टीवर) दाबलं की सर्वांत जाड ई तार १५ सेंट चढी दाखवते आणि सर्वांत बारीक जी तार ६ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). ऑर्केस्ट्रात पेटीवाले काका म्हणतात बेस बेसूर आहे, क्लासचे सर म्हणतात नवी घ्या, आणि तुमच्याकडे वीस हजार आहेत.

थांबा, इतक्यात घेऊ नका. हे आकडे गिटार वाईट असल्याचे वाटत नाहीत. तिच्याकडे बराच काळ कुणी हात फिरवलेला नाही, एवढंच त्यातून दिसतं. मी वीस वर्षं ऑर्केस्ट्रात आणि भक्तिगीतांच्या कार्यक्रमांत बेस वाजवतोय. माझी पहिली बेस मी नेमक्या याच कारणासाठी विकली. सातव्या फ्रेटच्या वर गेलं की ती गाण्याशी भांडायची. मित्राने ती घेतली, नव्या तारा चढवल्या, एक दुपार ब्रिजपाशी (तारा जिथे गिटारच्या अंगावर अडकवतात तिथे) बसला आणि संध्याकाळी मला वाजवून दाखवली. ती सुरात होती, अगदी वरच्या फ्रेटपर्यंत. तो आजही तीच वाजवतो. त्या दिवशी मला जे कळलं ते तुम्हाला पैसे खर्च होण्याआधी कळावं, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

सतार जवळून पाहिली असेल तर इंटोनेशन, म्हणजे प्रत्येक फ्रेटवर सूर अचूक लागणं, लगेच समजेल. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, सूर हलला तर वादक पडदा सरकवतो. बेसचे फ्रेट लाकडात ठोकलेले, ते हलणार नाहीत. म्हणून इथे तारेचं दुसरं टोक, म्हणजे ब्रिजवरचं सॅडल, पुढेमागे सरकवायचं. ३४ इंच म्हणजे साधारण ८६४ मिलिमीटर. बारावा फ्रेट नटपासून (मानेच्या टोकाशी असलेल्या खाचांच्या पट्टीपासून) बरोबर निम्म्यावर, ४३२ मिलिमीटरवर असतो. हिशेबाने तिथे वरचा सा अचूक यायला हवा. पण बोटाने तार दाबली की ती किंचित ताणली जाते, आणि ताणली की सूर चढतो. शिवाय जाड तार लवचीक नसते, तीही चढीच वाजते. हे भरून काढायला सॅडल थोडं मागे घेऊन तार थोडी लांब ठेवतात. ई तार सर्वांत जाड, म्हणून तिचं सॅडल सर्वांत मागे आणि जी तारेचं सर्वांत पुढे. चारही सॅडल तिरक्या ओळीत दिसतात ते त्यामुळे. कुणी "नीटनेटकं" करायला ती एका रेषेत आणू नका.

आता तुमचे १५ सेंट. ३४ इंची बेसवर सॅडल १ मिलिमीटर मागे घेतलं तर बाराव्या फ्रेटचा सूर मोकळ्या तारेच्या तुलनेत साधारण २ सेंट उतरतो. म्हणजे १५ सेंट उतरवायला साडेसात मिलिमीटर हवेत. सॅडलला तेवढी जागा बहुधा मिळणारच नाही, आणि मिळाली तरी तसं करू नये. एवढा मोठा फरक दिसतो तेव्हा दोष सॅडलचा नसतो. तारा मेलेल्या असतात, किंवा फ्रेटपासून फार उंच असतात, किंवा दोन्ही. सेकंडहँड गिटारवर फ्रेटची खरखर लपवायला तारा उचलून ठेवलेल्या मी पुष्कळदा पाहिल्यात. तार उंच असेल तर खाली दाबताना जास्त ताणली जाते, आणि सूर तेवढा चढतो.

म्हणून सेट-अपचा क्रम पाळा: तारा, मान, उंची, आणि सर्वांत शेवटी इंटोनेशन. मधला एक टप्पा जरी नंतर बदललात तरी इंटोनेशन पुन्हा करावं लागतं.

तारांपासून सुरुवात करा. जुन्या तारेत घाम आणि मळ भरलेला असतो, फ्रेटवर घासून ती जागोजागी झिजलेली असते. तिची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही, आणि अशा तारेला कुठेही सॅडल ठेवा, ती खरं बोलत नाही. तारा उकळून घेण्याची युक्ती तुम्हाला कुणीतरी सांगेल. त्याने आवाजाला थोडे दिवस चमक येते, झीज भरून निघत नाही. ४५-६५-८५-१०५ चा साधा निकेल सेट घ्या (हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात असतात). पुढेही शक्यतो हीच जाडी ठेवा. जाडी बदलली की ताण बदलतो आणि सगळा सेट-अप पुन्हा करावा लागतो. तार कापताना खुंटीच्या पुढे चार-पाच इंच सोडा, आधी वाकवा, मग कापा, आणि वेढे खालच्या बाजूला उतरत जाऊ द्या. तार चढली की सॅडलच्या अगदी पुढे अंगठ्याने हलकेच खाली दाबा. तिथे तार कमानीसारखी राहिली तर ट्यूनर तासभर फसवत राहतो.

मग मान. चारही तारांचा मिळून ताण ऐंशी किलोच्या घरात जातो, आणि तो पेलायला मानेच्या आत ट्रस रॉड (धातूची सळई) असतो. मान अगदी सरळ नको, तिला अगदी थोडा बाक हवा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, शेवटच्या फ्रेटवर ई तार दाबून धरा आणि आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांमधली फट पाहा. ०.३ मिलिमीटरच्या आसपास हवी. मोजायला फीलर गेज लागतं, तेच जे मेकॅनिक मोटरसायकलचे टॅपेट सेट करताना वापरतात. पुण्यात असाल तर नाना पेठेत टू-व्हीलरच्या सामानाच्या दुकानात सहज मिळेल. तोवर साधं व्हिजिटिंग कार्ड चालेल, त्याची जाडी साधारण तेवढीच असते. फट जास्त असेल तर रॉड घड्याळाच्या काट्याप्रमाणे घट्ट करायचा, फट नसेलच तर उलटा सैल. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नको. मग पुन्हा सुरात लावा, पुन्हा मोजा, आणि शक्य असेल तर रात्रभर तशीच ठेवा, कारण लाकूड हळूहळू बसतं. अ‍ॅलन की नेमकी बसणारीच हवी. रॉडच्या इंची मापाच्या नटात मिलिमीटरची की घातली तर कडा गोल होतात आणि मग तो नट कुणालाच फिरत नाही. आणि रॉड जोर लावूनही हलत नसेल तर तिथेच थांबा, जाणकाराकडे न्या.

आपल्याकडे ही मान वर्षातून दोनदा तरी तपासावीच लागते, पाऊस सुरू झाल्यावर एकदा आणि थंडी पडल्यावर एकदा. कोकणात आणि मुंबईत हवेतल्या ओलाव्याने लाकूड हलतं. मे महिन्यात सुंदर वाजणारी गिटार गणपतीत अचानक खरखरायला लागते ती त्यामुळेच.

त्यानंतर तारेची उंची. सतराव्या फ्रेटपाशी ई तारेखाली २.४ आणि जी तारेखाली २ मिलिमीटर, ही सुरुवात म्हणून उत्तम. सॅडलवरच्या दोन छोट्या स्क्रूंनी ती वरखाली होते. बोट जड पडत असेल तर किंचित वर ठेवा. पिकअप (तारांचं कंपन पकडणारा चुंबक) तारांच्या फार जवळ असेल तर तोही खाली करा, नाहीतर चुंबक तारेला ओढतो आणि सूर थरथरतो.

आता इंटोनेशन. गिटार टेबलावर आडवी ठेवून नव्हे, वाजवताना धरता तशी मांडीवर घ्या. मानेचा कोन बदलला तरी सूर हलतो. फोनवरच्या ट्यूनरवर ई तार विश्वासाने लागत नाही. तिचा मूळ स्वर ४१ हर्ट्झचा, आणि फोनचा माइक एवढ्या खर्जात कच्चा असतो. तुमचा १५ चा आकडाही त्यामुळे थोडा इकडेतिकडे असू शकतो. शक्य असेल तर केबलने जोडायचा पेडल ट्यूनर कुणाकडून तरी मागून आणा. बाराव्या फ्रेटच्या पट्टीच्या बरोबर वर तार न दाबता बोट टेकवा आणि छेडा, घंटेसारखा हार्मोनिक येईल. तो अचूक लावा. मग त्याच फ्रेटवर नेहमीच्या जोराने दाबून वाजवा. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर सॅडल मानेकडे. सॅडल हलवण्याआधी तार सैल करा, नाहीतर स्क्रूचे आटे जातात. सरकवा, पुन्हा सुरात लावा, पुन्हा ऐका. एका तारेला पाच-सहा वेळा करावं लागेल. दोन-तीन सेंटच्या आत आलं की सोडून द्या, ऑर्केस्ट्रात तेवढं कुणाला ऐकू येत नाही. हे सगळं झाल्यावरही पहिले दोन-तीन फ्रेट चढेच वाजत असतील तर नटमधल्या खाचा उंच आहेत. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवर पाहा, फट जेमतेम दिसायला हवी. खाच घासायचं काम मात्र स्वतः करू नका. एकदा जास्त घासली की नट नवा टाकावा लागतो.

पेटीवाल्या काकांचंही एकदा ऐका. जुन्या पेट्या पुष्कळदा ४४० वर, म्हणजे ए स्वर ४४० हर्ट्झ या प्रमाणावर, लावलेल्या नसतात. पांढरी एकला सा धरला तर त्या सप्तकातला शुद्ध धैवत म्हणजे ए. ती पट्टी दाबून ट्यूनरपुढे धरा. पेटी ४४२ वर असेल तर तुमच्यात आणि तिच्यात आठ सेंटचा फरक आधीच आहे, आणि तो सॅडल सरकवून जाणार नाही. ट्यूनरचं कॅलिब्रेशन ४४२ करा आणि तिच्यासारखे लागा. पेटी तुमच्यासारखी होणार नाही.

एवढं करूनही गिटार ऐकत नसेल, म्हणजे मान पिळलेली असेल, ट्रस रॉड आणखी घट्ट होण्याची जागाच उरली नसेल किंवा फ्रेट खड्डे पडण्याइतके झिजलेले असतील, तर मात्र नवी घ्या. वीस हजारांच्या आसपास यामाहा टीआरबीएक्स १७४ आणि आयबानेझ जीएसआर २०० आधी हातात घेऊन पाहा. दोन्हींत मानेकडे प्रिसिजन आणि ब्रिजकडे जॅझ (फेंडर कंपनीच्या दोन बेसवरून पडलेली नावं) अशी पिकअपची जोडी आहे. ऑर्केस्ट्रात एका रात्रीत लावणीपासून डिस्कोपर्यंत सगळं येतं, तिथे ही जोडी फार कामाला येते. आयबानेझमध्ये ९ व्होल्टची बॅटरी लागते. कार्यक्रम संपला की केबल काढून ठेवा, नाहीतर ती रात्रभर चालू राहते, आणि पिशवीत एक नवी असू द्या.

प्रिसिजन हे नावच मुळी या विषयातून आलंय. लिओ फेंडरने १९५१ साली फ्रेट असलेली बेस बाजारात आणली तेव्हा उभ्या डबल बेसच्या तुलनेत सूर नेमका लागतो म्हणून ते नाव दिलं. गंमत अशी की त्या पहिल्या बेसच्या ब्रिजवर चार तारांना मिळून दोनच सॅडल होती, म्हणजे दोन तारांना एका जागी तडजोड. प्रत्येक तारेला वेगळं सॅडल १९५७ साली आलं. तुमच्या गिटारवर ती चार आहेत, त्यांचा उपयोग करून घ्या.

दुकानात काय पाहायचं? मुंबईत धोबी तलावच्या फुर्ताडोजमध्ये जा किंवा तुमच्या गावातल्या दुकानात, रंग आणि नाव बाजूला ठेवून आधी मान पाहा. डोळ्याजवळ धरून बंदुकीसारखा नेम लावा, दोन्ही कडा सरळ जाताना दिसायला हव्यात. प्रत्येक तारेचा प्रत्येक फ्रेट वाजवा, दुकानदार कितीही घाई करो. बारावा फ्रेट तिथेच तपासा, आणि सॅडलला मागेपुढे जागा शिल्लक आहे का ते बघा. पट्टा लावून दहा मिनिटं उभे राहा. मान आपोआप खाली जात असेल तर तीन तासांच्या कार्यक्रमात डावा खांदा भरून येईल. हात लहान असतील तर ३० इंची शॉर्ट स्केलचा विचार करा. ३४ इंचीवर नटपासून पहिला फ्रेट साधारण ४८ मिलिमीटरवर असतो, ३० इंचीवर ४३ वर. पाच मिलिमीटर वाचून किरकोळ वाटतात, पण करंगळीला ते जाणवतात.

पाच तारांची घेऊ का, हेही तुम्ही विचारलंय. गायक ऐन वेळी "काळी एक" म्हणतो तेव्हा चार तारांवर तो सा ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर मिळतो, पाच तारांवर त्याच्याही खालचा खर्ज मिळतो, आणि तो ऐकायला फार सुंदर लागतो. पण बी तार ३१ हर्ट्झची, घरातल्या छोट्या अ‍ॅम्पमधून ती नीट येतच नाही, आणि ३४ इंचावर ती बऱ्याचदा ढिली लागते. माझं मत विचाराल तर दोन वर्षं चारच वाजवा.

तारा बदलून, मान आणि उंची बघून झाल्यावर सॅडलला हात लावण्याआधी चारही तारांची बाराव्या फ्रेटवरची रीडिंग घ्या आणि इथे लिहा. ई तार तेव्हाही आठ-दहा सेंट चढी असेल तर ब्रिजचा जवळून काढलेला फोटोही टाका. मी बघून सांगतो.