सप्टेंबरअखेरचा मरिनर्सचा घरचा सामना: क्रिकेटवाल्याने तिथे नेमकं काय बघायचं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: नुकतेच सिएटलला आलात, ऑफिसची मंडळी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मरिनर्सच्या, म्हणजे इथल्या बेसबॉल संघाच्या, घरच्या सामन्याला नेणार आहेत, आजवर फक्त क्रिकेट पाहिलंय, आणि टीव्हीवर बेसबॉल लावून पाहिला तर ‘तीन तास काहीच घडत नाही’ असं वाटलं. मग तिथे जाऊन बघायचं काय, आणि बसायचं कुठे?

तीन तासांचं आधी मिटवू. २०२३ पासून पिच क्लॉक आलंय. बेसवर (बॅटर धावत जाऊन जिथे थांबतो त्या टप्प्यांवर) कोणी नसेल तर पिचरला, म्हणजे बॉल टाकणाऱ्याला, १५ सेकंदांत बॉल टाकावाच लागतो. नऊ इनिंगचा सामना सरासरी दोन तास चाळीस मिनिटांच्या आसपास आटोपतो. आयपीएलच्या सामन्यापेक्षा लवकर घरी याल.

‘काहीच घडत नाही’ हे मात्र बऱ्याच अंशी खरं आहे आणि ते मी नाकारणार नाही. मेमधल्या एखाद्या मंगळवारी मलाही कंटाळा येतो. हंगामात १६२ सामने असतात, त्यातले ८१ घरच्या मैदानावर. त्यातला एखादा सुटा उचलून बघितला तर मालिकेचा मधलाच भाग बघितल्यासारखं होतं. सप्टेंबरअखेर गोष्ट वेगळी असते. सहा महिन्यांचा हिशेब तोवर दोन-चार सामन्यांवर येऊन ठेपलेला असतो, आणि मग प्रत्येक ‘न घडण्याला’ किंमत येते. म्हणून माझं म्हणणं एवढंच की सामना बघायला जाऊ नका, संघ बघायला जा. आणि त्याची तयारी आजपासून करा, रोज पाच मिनिटं.

तयारी म्हणजे पॉइंट्स टेबल. मरिनर्स ज्यात आहेत त्या अमेरिकन लीगमधून सहा संघ प्लेऑफला जातात: तीन विभागांचे तीन विजेते आणि उरलेल्यांतले सर्वांत चांगले तीन, ज्यांना वाइल्ड कार्ड म्हणतात. (तीन वाइल्ड कार्ड ही पद्धत २०२२ पासूनची.) सप्टेंबरात ऑफिसात ‘मॅजिक नंबर’ हा शब्द कानावर पडेल. तो काढायला सोपा आहे. १६३ मधून आपले विजय वजा करा, मग पाठलाग करणाऱ्या संघाचे पराभव वजा करा. समजा आपले विजय ८५ आणि त्यांचे पराभव ७५, तर उरले ३. आपण जिंकलो की एक कमी, ते हरले की एक कमी. शून्यावर आला की ते आपल्याला गाठू शकत नाहीत. २०२२ पासून बरोबरी झाल्यास जादा सामना खेळवत नाहीत, आपसातल्या सामन्यांत कोण वरचढ ते आधी बघतात. त्यामुळे ती बाजू आपली असेल तर आकडा एकाने आणखी कमी होतो. हा आकडा माहीत असला की स्टेडियममध्ये बसून फोनवर दुसऱ्याच शहरातला स्कोअर बघणाऱ्या माणसांचं काय चाललंय ते कळतं.

आता या शहराची दुखरी नस. २००१ मध्ये मरिनर्सने ११६ सामने जिंकले. त्याच वर्षी इचिरो सुझुकी जपानहून आला आणि पहिल्याच हंगामात लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्यानंतर प्लेऑफ नाही. एक वर्ष नाही, दोन नाही, २१ वर्षं. अमेरिकेतल्या चार मोठ्या खेळांत त्या वेळी कुठल्याही संघाचा इतका लांब दुष्काळ चालू नव्हता. फेलिक्स हर्नांडेझसारखा पिचर २००५ ते २०१९ इथेच खेळला, २०१२ मध्ये याच मैदानावर त्याने परफेक्ट गेम टाकला (२७ बॅटर आले, २७ आउट, एकही बेसवर नाही), आणि तरीही प्लेऑफमध्ये एक बॉल न टाकता गेला. २०२१ मध्ये ९० विजय मिळवून संघ हंगामाच्या अगदी शेवटच्या दिवशी बाहेर पडला. घरच्याच मैदानावर.

म्हणून ३० सप्टेंबर २०२२ चा सामना सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. शुक्रवार संध्याकाळ, समोर ओकलंडचा संघ. ओकलंड त्या वर्षी १०२ सामने हरला, म्हणजे अगदीच लिंबूटिंबू. मॅजिक नंबर १. पाठलाग करणारं बाल्टिमोर हरलं असतं तर आपण काही न करताच आत गेलो असतो. पण न्यूयॉर्कमधला त्यांचा सामना वेळेच्या फरकामुळे आधीच संपला आणि बाल्टिमोर जिंकलं. म्हणजे आता स्वतः जिंकायचं.

पहिल्या दोन इनिंगमध्ये दोन्ही संघांचा एकेक रन झाला. त्यानंतर तुमच्या भाषेत, काहीच घडलं नाही. तिसरी, चौथी, पाचवी, सहावी, सातवी, आठवी. १-१. आपला पिचर लोगन गिल्बर्ट आठ इनिंग टाकत राहिला, त्या एका रनापलीकडे काही दिलं नाही. स्टेडियममध्ये चव्वेचाळीस हजारांवर माणसं होती आणि प्रत्येक इनिंगला त्यांचा आवाज वाढण्याऐवजी आवळत चालला होता. माझ्या शेजारी सत्तरीच्या एक बाई मांडीवर स्कोअरबुक घेऊन पेन्सिलने नोंद करत होत्या. इथे हा प्रकार अजून टिकून आहे. प्रत्येक जागेला आकडा असतो: पिचर १, कॅचर २, पहिल्या बेसवाला ३, दुसऱ्या बेसवाला ४, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर) ६ वगैरे. ‘६-४-३’ असं लिहिलं की बॉल कोणाकडून कोणाकडे गेला आणि दोघे कसे आउट झाले ते वाचणाऱ्याला समजतं. तीन स्ट्राइक (बॅट फिरवून हुकलेला किंवा नीट पडूनही सोडलेला बॉल) झाले की स्ट्राइकआउट, त्याला इंग्रजी ‘के’, आणि बॅट न फिरवता नुसता बघत राहून आउट झाला तर तेच ‘के’ उलटं. (सामन्यांचा तक्ता रूढ करणारा हेन्री चॅडविक मूळचा इंग्लंडचा आणि क्रिकेटचा वार्ताहर. क्रिकेटच्या स्कोअरकार्डवरूनच त्याने तो बेतला. तेव्हा तुम्ही तिथे अगदीच परके नाही.) बाईंच्या पानावर सहा इनिंग नुसते आकडेच आकडे होते.

आता घरच्या सामन्याची खरी गंमत. प्रत्येक इनिंगमध्ये पाहुणा संघ आधी बॅटिंग करतो, घरचा नंतर. म्हणजे शेवटचा शब्द नेहमी घरच्या संघाचा. नवव्या इनिंगच्या उत्तरार्धात बरोबरी असेल आणि घरच्या संघाने एक रन काढला, तर सामना त्याच क्षणी संपतो. त्याला वॉक-ऑफ म्हणतात. हे फक्त घरच्या मैदानावरच शक्य आहे, आणि एक दिवस आधीच टेक्सासविरुद्ध अकराव्या इनिंगमध्ये असाच १०-९ विजय मिळाला होता.

नववी इनिंग, उत्तरार्ध, दोन आउट (तिसऱ्या आउटला संघाची पाळी संपते). बदली बॅटर म्हणून कॅल रॅले आला. संघाचा नेहमीचा कॅचर, अंगठा दुखावल्यामुळे त्या दिवशी बाहेर बसवलेला. तीन ‘बॉल’ (बाहेर पडलेले आणि बॅटरने सोडलेले), दोन स्ट्राइक झाले. फुल काउंट म्हणजे पुढचा बॉल निर्णायक: चौथा ‘बॉल’ पडला तर फुकटात पहिला बेस, स्ट्राइक पडला तर आउट. रॅलेने बॅट फिरवली आणि बॉल उजवीकडे, उंच, फाउल पोलच्या दिशेने गेला. पोलच्या आत पडला तर होम रन, बाहेर पडला तर नुसता फाउल. आत पडला. २-१. बाजूच्या बाईंनी त्या चौकोनातला हिरा पेन्सिलने गडद काळा भरला आणि मगच त्या उठल्या. तोवर माझ्या खांद्यावर मागच्या रांगेतल्या अनोळखी माणसाची बिअर सांडून झाली होती.

त्या दोन सेकंदांसाठी अडीच तास बसावं लागलं का? हो. पण ते अडीच तास नसते तर त्या दोन सेकंदांना काही अर्थच नव्हता. पहिल्या इनिंगमध्ये तसाच फटका बसला असता तर लोक उठले असते, टाळ्या वाजवल्या असत्या आणि फ्राइज आणायला गेले असते.

तेव्हा मैदानात गेल्यावर बॉलकडे नंतर बघा, आधी काउंट बघा, म्हणजे किती ‘बॉल’ आणि किती स्ट्राइक झाले ते. मोठ्या स्क्रीनवर कायम दिसतो. ३-१ असेल तर पिचर अडचणीत असतो, त्याला स्ट्राइक टाकावाच लागतो आणि बॅटर आपल्याला हवा तो बॉल धरून बसतो. ०-२ असेल तर पिचर मुद्दाम बाहेरचा टाकून बॅटरला फशी पाडायला बघतो. एकाच पिचरचा एकच बॉल या दोन काउंटला पूर्ण वेगळा असतो. ऑफ स्टंपबाहेरचा बॉल सोडायचा की नाही, हे नाटक तुम्ही कसोटीत तासन्‌तास बघितलंय. इथे ते प्रत्येक बॉलला आहे. सहाव्या इनिंगनंतर डावीकडे बुलपेनवर, म्हणजे बदली पिचर तयारी करतात त्या जागेवर, नजर ठेवा. तिथे कोणी हात मोकळा करायला उठला की मॅनेजरच्या मनात काय आहे ते कळतं. सप्टेंबरात संघात २६ ऐवजी २८ खेळाडू ठेवता येतात, त्यामुळे दोन माणसं जास्त असतात हेही लक्षात असू द्या.

बाकी करमणूक भरपूर आहे. मध्येच स्क्रीनवर कार्टूनच्या तीन बोटींची शर्यत लागते आणि चाळिशी उलटलेली माणसं आपापल्या बोटीसाठी घसा फोडून ओरडतात. सातव्या इनिंगच्या मध्यावर सगळे उभे राहून गाणं म्हणतात. तुम्हीही उभे राहा, शब्द स्क्रीनवर येतात. प्रेक्षकांतून उठणारी ती लाट मात्र मला साफ नापसंत आहे. दोन आउट, बेसवर माणूस, आणि हे लोक हात वर करून पाठ फिरवतात!

जागेचं म्हणाल तर महागडं खालचं तिकीट घेऊ नका. वरच्या मजल्यावर, ३०० च्या लेव्हलला, होम प्लेटच्या (बॅटर उभा राहतो त्या जागेच्या) मागे बसा. तिथून फिल्डर प्रत्येक बॅटरसाठी कसे सरकतात ते दिसतं, आणि नवख्याला खेळ समजतो तो तिथूनच. जॅकेट न्याच. टी-मोबाइल पार्कचं छप्पर पावसात सरकून वर येतं, पण बाजू उघड्याच राहतात, आणि सप्टेंबरअखेर रात्री वारा चांगलाच झोंबतो. शेजारून मालगाड्या जातात, त्यांचे भोंगे ऐन रंगात येतात, दचकू नका. लाइट रेलच्या स्टेडियम स्टेशनवर उतरलात तर पार्किंगचा भुर्दंड वाचतो. बाहेरचं खाणं आत नेता येतं, आम्ही पोळीचे रोल करून नेतो. पण गार्लिक फ्राइज एकदा खाऊन बघाच, वास तसाही सोडत नाही. भाजलेले नाकतोडेही मिळतात. ते तुमचं तुम्ही ठरवा.

शेवटी ऑफिसच्या मंडळींबद्दल. २०२५ मध्ये रॅलेने ६० होम रन मारले, कुठल्याही कॅचरने एका हंगामात इतके मारलेले नव्हते, आणि २००१ नंतर पहिल्यांदाच मरिनर्सने आपला विभाग जिंकला. तरीही वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे अंतिम फेरीपर्यंत, कधीच न पोचलेला हा लीगमधला एकमेव संघ आहे. त्यामुळे पाचव्या इनिंगला ४-० ने पुढे असतानाही तुमचे सहकारी ‘आता हरणार’ असं पुटपुटतील. कोणी १५ ऑक्टोबर २०२२ चा विषय काढला, म्हणजे ह्यूस्टनविरुद्धचा तो १८ इनिंगचा, सहा तास बावीस मिनिटांचा सामना, २१ वर्षांनी घरी झालेला पहिला प्लेऑफ सामना आणि तोही १-० ने गमावलेला, तर मध्ये बोलू नका. ते सगळं पहिल्यापासून सांगतील. तेवढ्यात दोन इनिंग जातील, पण काउंटकडे एक डोळा ठेवून ऐकता येतं.